दाव्यात ज्याचे नाव नसते : महाराष्ट्रातील कौटुंबिक न्यायालयांची वाटचाल

कौटुंबिक न्यायालयात दाखल होणाऱ्या अर्जाच्या पहिल्या पानावर दोन नावे असतात, अर्जदाराचे आणि जाबदाराचे. लग्न कधी झाले, कुठे झाले, कोणत्या पद्धतीने झाले, हे त्यापुढे येते. मग तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात एक वाक्य असते : उभयतांना या विवाहसंबंधातून एक मुलगी झाली असून ती सध्या अर्जदाराजवळ राहते. त्या मुलीची नोंद एवढीच. ती दाव्यात पक्षकार नसते, तिचा वकील नसतो, तिला तारखेची नोटीस जात नाही. निकालाचे परिणाम मात्र सर्वांत जास्त वर्षे तिलाच सोसायचे असतात.

महाराष्ट्रात १९८९ साली कौटुंबिक न्यायालये सुरू झाली. या संस्थेचा इतिहास अधिसूचना, नेमणुका आणि इमारती यांच्या क्रमाने लिहिता येतो आणि त्यातला आवश्यक तेवढा भाग इथे येईलच. पण या न्यायालयाने काय साधले आणि काय राहून गेले हे पाहायचे, तर त्या एका वाक्यातल्या मुलीला कामकाजात किती जागा मिळत गेली, हेच पाहावे लागते. ही वाटचाल त्या अंगाने मांडली आहे.

आधीची घडी

घरातल्या तंट्यांसाठी वेगळे न्यायपीठ असावे ही कल्पना मुंबईला नवी नव्हती. १८६५ च्या पारशी विवाह आणि घटस्फोट कायद्याने पारशी समाजाला स्वतंत्र विवाह न्यायालय दिले. न्यायाधीशासोबत समाजातून नेमलेले प्रतिनिधी बसत आणि वस्तुस्थितीवर आपले मत देत. ही व्यवस्था आजही मुंबई उच्च न्यायालयात चालू आहे, आणि पारशी दांपत्यांचे विवाहविषयक दावे तिथेच चालतात.

बाकीच्या समाजाला सर्वसाधारण दिवाणी न्यायालयाचा रस्ता होता. तो किती खडतर असू शकतो हे रखमाबाईंच्या खटल्याने साऱ्या देशाला दाखवले. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई सासरी नांदायला गेल्या नव्हत्या. पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. अपिलात प्रकरण पुन्हा खाली आले आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला : नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगवास. आपण तुरुंगात जाऊ, हे रखमाबाईंचे उत्तर होते. अखेर १८८८ मध्ये २,००० रुपये घेऊन दादाजींनी माघार घेतली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत व राजकोट इथे त्यांनी सेवा केली. या खटल्याने उठलेल्या वादाचा संमतिवयाच्या १८९१ च्या कायद्याला मोठा हातभार लागला. अकरा वर्षांच्या मुलीचे लग्न लावताना तिला कोणी विचारले नव्हते, आणि ती मोठी झाल्यावर तिचे म्हणणे ऐकून घ्यायला न्यायालयाकडे योग्य चौकट नव्हती.

१८९० साली पालक आणि पाल्य कायदा आला. पालक नेमताना अल्पवयीनाचे हित पाहावे असे त्याचे कलम १७ सांगते. मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची पसंतीही न्यायालयाने विचारात घ्यावी, अशी तरतूद त्याच कलमात आहे. मात्र बाप हयात आणि लायक असताना दुसरा पालक नेमू नये, हेही त्याच कायद्यात लिहिलेले होते. व्यवहारात वजन पडे ते या दुसऱ्या तरतुदीचे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मुंबई प्रांताने दोन पावले पुढे टाकली. १९४६ साली हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी आली आणि १९४७ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. पुढे १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा हे केंद्रीय कायदे आले. पाच वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईजवळ असावे आणि मुलाचे कल्याण हीच सर्वोच्च कसोटी असावी, असे १९५६ च्या कायद्याने स्पष्ट केले.

कायदे बदलले, तरी न्यायालये विखुरलेलीच राहिली. ऐंशीच्या दशकातल्या मुंबईतली एखादी स्त्री डोळ्यांसमोर आणावी. घटस्फोटाचा अर्ज नगर दिवाणी न्यायालयात. खावटीचा, म्हणजे पोटगीचा, अर्ज दंडाधिकाऱ्यांसमोर, आणि तिथे मिळू शकणारी रक्कम कायद्यानेच महिना ५०० रुपयांवर अडवलेली. मुलाच्या पालकत्वाचा अर्ज उच्च न्यायालयात. एकाच घराची हकिकत तिने तीन ठिकाणी, तीन वकिलांमार्फत, तीन वेगवेगळ्या तारखांना सांगायची. तिच्या अर्जाच्या आगेमागे बोर्डावर जागेचा तंटा, धनादेश न वटल्याचा दावा किंवा मारामारीचा खटला असायचा. मूल बरोबर आणले असेल तर ते त्याच व्हरांड्यात, त्याच गर्दीत उभे.

एका सूचनेची तीस वर्षे

दुर्गाबाई देशमुख १९५३ साली चीनच्या दौऱ्यावर गेल्या होत्या. तिथे त्यांनी कौटुंबिक न्यायालयांचे काम पाहिले. परत आल्यावर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला आणि न्यायमूर्ती पी. बी. गजेंद्रगडकर यांच्याशी त्यांनी चर्चा केली आणि पंतप्रधान नेहरूंपुढे प्रस्ताव मांडला. संविधान सभेत काम केलेल्या, स्वतः वकिली केलेल्या आणि निराधार स्त्रियांसाठी संस्था उभारलेल्या दुर्गाबाईंना हा प्रश्न आतून ठाऊक होता. लगेच मात्र काही घडले नाही.

पुढे गजेंद्रगडकर सर्वोच्च न्यायालयात गेले, भारताचे सरन्यायाधीश झाले, निवृत्तीनंतर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९७१ मध्ये विधी आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या अध्यक्षतेखाली १९७४ साली आलेल्या ५९ व्या अहवालात आयोगाने नमूद केले, की कुटुंबविषयक तंट्यांत न्यायालयाने नेहमीच्या दिवाणी कामकाजापेक्षा पूर्णपणे वेगळी दृष्टी ठेवावी आणि खटला उभा राहण्यापूर्वी समेटाचे मनापासून प्रयत्न करावेत. दुर्गाबाईंनी ज्यांच्याशी हा विषय बोलून पाहिला होता, त्यांच्याच सहीने वीस वर्षांनी ती शिफारस सरकारकडे गेली. मुंबई उच्च न्यायालयाशी या संस्थेचा संबंध असा तिच्या जन्माआधीपासूनचा आहे.

त्याच सुमारास भारतातील स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या समितीनेही अशा न्यायालयांची मागणी केली. १९७६ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेत ३२-अ हा आदेश घालून कौटुंबिक दाव्यांसाठी वेगळी पद्धत सांगितली गेली. ती फारशी वापरली गेली नाही, कारण न्यायाधीश तेच, दालन तेच आणि कामाचा बोजाही तोच होता. हुंडाबळी आणि घरातल्या छळाविरुद्ध स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या तेव्हा स्वतंत्र न्यायालयाच्या मागणीने जोर धरला. संसदेने कायदा केला आणि १४ सप्टेंबर १९८४ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली.

कायदा आटोपशीर आहे. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत राज्य सरकारने उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून कौटुंबिक न्यायालय स्थापावे. विवाह, घटस्फोट, पतिपत्नीची मालमत्ता, औरसत्व, खावटी, पालकत्व आणि मुलाचा ताबा हे सारे विषय एका छताखाली यावेत. समेटासाठी न्यायाधीशाने स्वतः प्रयत्न करावा, त्यासाठी कामकाज तहकूब ठेवावे. समुपदेशक असावेत, समाजकल्याण संस्थांची आणि वैद्यकीय तज्ज्ञांची मदत घ्यावी. पक्षकाराने मागितल्यास सुनावणी बंद दालनात व्हावी. पुराव्याच्या कायद्याची ताठर चौकट सैल असावी. अपील उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींसमोर, ३० दिवसांत.

न्यायाधीश निवडताना स्त्रियांना प्राधान्य द्यावे असेही कायदा सांगतो. त्याच कलमात विवाहसंस्थेचे जतन करण्याची बांधिलकी असलेली माणसे निवडावीत असे आहे आणि त्यावर स्त्री संघटनांनी पहिल्यापासून हरकत घेतली. मार खाणाऱ्या स्त्रीला समेटाच्या नावाखाली त्याच घरात परत पाठवले जाईल, ही भीती निराधार नव्हती. महाराष्ट्रातल्या न्यायालयांना पुढची अनेक वर्षे या प्रश्नाला रोजच्या कामातून उत्तर द्यावे लागले.

१९८९ : पुणे आणि मुंबई

कायद्याखालचे राज्याचे नियम तयार झाल्यावर १९८९ साली आधी पुण्यात आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईत न्यायालय सुरू झाले. त्यानंतर नागपूर आणि औरंगाबाद, आणि पुढे नाशिक, ठाणे, कोल्हापूर, सोलापूर, अमरावती, अकोला, नांदेड अशी ही साखळी वाढत गेली. मुंबईचे न्यायालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. पुण्याला शिवाजीनगरात स्वतंत्र इमारत मिळायला मात्र २०१७ साल उजाडावे लागले.

नव्या न्यायालयाची बोलीही हळूहळू तयार झाली. अर्जांची वर्गवारी इंग्रजी अक्षरांनी होते. ‘ए पिटिशन’ म्हणजे एकाच पक्षाने मागितलेला घटस्फोट किंवा तत्सम दाद, ‘डी’ म्हणजे मुलाचा ताबा आणि पालकत्व, ‘ई’ म्हणजे खावटी, ‘एफ’ म्हणजे परस्परसंमतीचा घटस्फोट. ‘ए’ मध्ये सुरू झालेले प्रकरण समझोत्याने ‘एफ’ मध्ये आले, की व्हरांड्यातल्या लोकांनाही त्याचा अर्थ एका अक्षरात कळतो.

वकिलांचा प्रश्न लवकरच उभा राहिला. कलम १३ नुसार या न्यायालयात वकील देणे हा पक्षकाराचा हक्क नाही, त्यासाठी परवानगी लागते. माणसे थेट बोलतील, भाषा निवळेल, ही त्यामागची अपेक्षा. पण मालमत्तेची कागदपत्रे आणि उलटतपासणी सामान्य माणसाला झेपत नाही, आणि शिकलेला, पैसेवाला नवरा आणि घराबाहेर कधी न पडलेली बायको यांना वकिलाविना समोरासमोर उभे केले तर तोल बिघडतो. मुंबई उच्च न्यायालयाने सुरुवातीच्या वर्षांतच परवानगीच्या प्रश्नाकडे उदार दृष्टीने पाहिले. आज परवानगीचा अर्ज रीतसर दिला जातो आणि बहुतेक प्रकरणांत वकील असतात.

१९९४ साली महाराष्ट्र सरकारने खावटी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत स्त्री पक्षकारांना न्यायालयीन शुल्क माफ केले. निर्णय एका ओळीचा, पण दाराशी येऊन पैशाअभावी परत फिरणाऱ्या अनेकींना त्याने आत आणले.

समुपदेशकाची खोली

महाराष्ट्राने एक गोष्ट सुरुवातीपासून नीट केली. विवाह समुपदेशक हे न्यायालयाच्या आस्थापनेवरचे कायम पद केले. अनेक राज्यांत हे काम मानधनावरच्या किंवा स्वयंसेवी माणसांवर सोपवले गेले, ती आली तर आली. इथे समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला माणूस रोज, पूर्णवेळ, त्याच खोलीत भेटतो. मुंबईतील टाटा समाजविज्ञान संस्था आणि निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था यांच्यासारख्या संस्थांनी पिढ्यान्‌पिढ्या तयार केलेल्या मनुष्यबळाचा न्यायव्यवस्थेला असा थेट उपयोग झाला.

ती खोली दिसायला साधी असते. टेबल, तीन-चार खुर्च्या, कपाटात फायली, भिंतीवर कॅलेंडर. दोघांना आधी वेगवेगळे बोलावले जाते. पहिली दहा मिनिटे बहुधा आरोपांची असतात, अर्जात लिहिलेलेच पुन्हा. मग समुपदेशक साध्या गोष्टी विचारतात. मूल शाळेत कधी जाते? डबा कोण करते? ताप आला तर रात्री कोणाला हाक मारते? पालकसभेला मागच्या खेपेस कोण गेले होते? या प्रश्नांची उत्तरे द्यायला लागल्यावर बोलण्याचा सूर उतरतो. घर कसे चालत होते, कशामुळे थांबले, आणि आता कोणाला नेमके काय हवे आहे, हे अशा उत्तरांतून कळते. कधी घरातला पैशांचा वाद पुढे येतो, कधी सासूसुनेचा, कधी दारूचा, तर कधी दोघांनाही एकमेकांशी बोलून वर्ष उलटलेले असते.

तिथे बोललेले गोपनीय राहते, ही या व्यवस्थेचा कणा असलेली अट आहे. राज्याच्या नियमांनुसार समुपदेशकाला साक्षीला बोलावता येत नाही आणि पक्षकारांनी विश्वासाने सांगितलेले उघड करायला लावता येत नाही. न्यायाधीशांकडे जाते ते फलित : समेट झाला, अटी ठरल्या, किंवा जमले नाही. मुलाच्या ताब्याच्या बाबतीत मात्र न्यायालय समुपदेशकाकडून घरची परिस्थिती, पालकांचे मुलाशी नाते याबद्दल अहवाल मागवू शकते. त्यासाठी गृहभेटीही होतात. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा स्पष्ट केली. मुलाच्या हिताचा प्रश्न असेल तेव्हा न्यायालय स्वतः त्याच्या पालकाच्या भूमिकेत असते, आणि समुपदेशकाने मुलाशी बोलून दिलेला अहवाल केवळ गोपनीयतेच्या नावाखाली बाजूला ठेवता येणार नाही.

समेट म्हणजे पुन्हा एकत्र नांदणे, हा अर्थही या खोलीत बदलला. छळ झालेल्या स्त्रीला परत पाठवणे हे यश नव्हे, हे अनुभवाने पटत गेले. सन्मानाने वेगळे होणे, खावटीचा आकडा ठरणे, दागिने आणि सामान परत मिळणे, मुलाच्या भेटीचे वेळापत्रक दोघांच्या सहीने तयार होणे, हेही फलित धरले जाऊ लागले.

मुलाचे म्हणणे

‘डी पिटिशन’ हा या न्यायालयातला सर्वांत कठीण विषय. आईवडील दोघेही सहसा वाईट नसतात. दोघांचेही मुलावर प्रेम असते, आणि मूल एक असते.

सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली एका निकालात बजावले, की मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत आणि त्यांच्या हातातली खेळणीही नव्हेत. त्यानंतर हीच भूमिका निकालागणिक पक्की होत गेली : ताब्याच्या प्रकरणात आईचा हक्क मोठा की बापाचा, हा प्रश्नच नाही, मुलाचे हित कशात आहे एवढेच पाहायचे. १९९९ चा गीता हरिहरन यांच्या प्रकरणातला निकाल पालकत्वाविषयीचा आहे. मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला गेलेल्या या लेखिकेकडे बँकेने मुलाच्या वडिलांची सही मागितली, कारण कायद्यात आई वडिलांच्या ‘नंतर’ पालक होती. सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी १९९९ रोजी सांगितले, की ‘नंतर’ म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतर नव्हे, त्यांच्या अनुपस्थितीत असाही अर्थ घ्यायचा. वडील हयात असूनही मुलाची जबाबदारी घेत नसतील तर आई नैसर्गिक पालक म्हणून काम करू शकते. शाळेचा दाखला, पासपोर्ट, बँकेचे खाते अशा रोजच्या गोष्टींत अडलेल्या आयांना या निकालाचा आधार मिळाला.

न्यायालयात मुलाला विचारायचे कसे, हे मात्र कोणत्याही निकालात पूर्ण सांगितलेले नाही. न्यायाधीश मुलाला दालनात बोलावतात, आईवडील बाहेर थांबतात. अनुभवी न्यायाधीश ‘तुला कोणाकडे राहायचे?’ असा प्रश्न सहसा पहिल्या झटक्यात टाकत नाहीत. शाळा, मित्र, सुट्टी, आवडता विषय असे बोलणे निघते. मूल पाठ करून आले असेल तर ते कळते. आठ वर्षांचा मुलगा ‘बाबांनी आईचा मानसिक छळ केला’ अशा शब्दांत बोलू लागला, तर ते शब्द त्याचे नाहीत. अशा वेळी समुपदेशकांकडे पुन्हा पाठवले जाते, चित्रे काढायला दिली जातात, खेळता खेळता बोलणे होते. मुलाची इच्छा आणि मुलाचे हित प्रत्येक वेळी एकच असेल असे नाही. दोन्ही नोंदवून, कारणे देऊन निर्णय द्यायचा असतो.

वांद्र्याच्या न्यायालयात मुलांच्या भेटीसाठी बालसंकुल आहे. ज्या पालकांजवळ मूल राहत नाही त्यांना न्यायालयाच्या देखरेखीखाली तिथे भेटता येते. भिंतींवर चित्रे, खेळणी, बसायला छोट्या खुर्च्या. वेळ ठरलेली असते, म्हणून अर्धा तास आधीच येऊन थांबलेले बाप असतात. हातात कॅडबरी, कधी नवे बूट, अंदाजाने आणलेले आणि एक माप लहान निघालेले. बरोबर आलेली आजी दाराशी थांबते, कारण आदेशात फक्त वडिलांचे नाव आहे. ‘बाळाला नुसतं बघू द्या’ म्हणून ती समुपदेशकांना विनवते. लहान मूल पहिल्या भेटीत आईचा पदर सोडत नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ते आपण होऊन गाडी घेऊन बसते. भेटी सुरळीत झाल्या, की पुढचे आदेश न्यायालयाबाहेरचे होतात : दुसरा आणि चौथा शनिवार, वाढदिवसाचे काही तास, दिवाळीची आणि उन्हाळ्याची अर्धी सुट्टी. काही आदेशांत शाळेच्या स्नेहसंमेलनाला दोघांनी हजर राहायचे, हेही लिहिलेले असते.

खावटी : नागपूरहून निघालेला निकाल

खावटीच्या अर्जात उत्पन्नाची खरी रक्कम शोधणे ही कायमची डोकेदुखी. पगाराची पावती लपवली जाते, धंदा भावाच्या नावावर दाखवला जातो. पत्नीही कधी आपली नोकरी सांगत नाही. २००१ मध्ये रकमेवरची कमाल मर्यादा उठली, तरी अंतरिम खावटीला वर्षानुवर्षे लागत.

या स्थितीत मोठा बदल घडवणारे प्रकरण नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेले. मुलाच्या जन्मानंतर लवकरच, २०१३ साली, घर सोडलेल्या पत्नीने अर्ज केला होता. नागपूरच्या न्यायालयाने २०१५ मध्ये तिला दरमहा १५,००० रुपये आणि मुलासाठी आधी ५,००० व पुढे १०,००० रुपये मंजूर केले. पतीने ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती आर. सुभाष रेड्डी यांनी त्या प्रकरणात देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि देणी यांचे ठरलेल्या नमुन्यातले प्रतिज्ञापत्र द्यायचे, खावटी अर्जाच्या तारखेपासून धरायची, एकापेक्षा अधिक कायद्यांखाली मिळालेल्या रकमांचा मेळ घालायचा आणि मुलाच्या शिक्षणाचा खर्च वेगळा विचारात घ्यायचा. आज राज्यातल्या कोणत्याही कौटुंबिक न्यायालयात खावटीचा अर्ज आला, की त्या प्रतिज्ञापत्राची विचारणा आधी होते.

गेल्या काही वर्षांत

परस्परसंमतीच्या घटस्फोटात दोन अर्जांमध्ये सहा महिने थांबण्याची अट आहे. दोघे बराच काळ वेगळे राहत असतील आणि खावटी, ताबा हे सर्व मिटलेले असेल, तर ही मुदत माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये ठरवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कौटुंबिक प्रकरणांत व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर बहुमताने मर्यादा आली. समेटाचे प्रयत्न समोरासमोर व्हावेत, ही त्यामागची भूमिका. २०२० च्या टाळेबंदीने परिस्थितीच पालटली. शनिवारच्या भेटी मोबाइलच्या पडद्यावर आल्या. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी जानेवारीत, साथ येण्यापूर्वीच, मुलाला दोन्ही पालकांचे प्रेम मिळण्याचा हक्क आहे आणि दूरच्या पालकाशी व्हिडिओ कॉलवर नियमित बोलणे व्हायला हवे, असे म्हटले होते. ते निरीक्षण नंतरच्या महिन्यांत अनेक आदेशांना उपयोगी पडले.

पुणे आणि मुंबईत एक वेगळा प्रकार वाढला आहे. अमेरिका किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी जोडप्याचे बिनसते, एक पालक मुलाला घेऊन पुण्याला माहेरी येतो आणि दुसऱ्याच्या हातात तिकडच्या न्यायालयाचा आदेश असतो. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग करारावर भारताने सही केलेली नाही. न्यायमूर्ती राजेश बिंदल समितीने २०१८ मध्ये यावर अहवाल दिला, पण कायदा झालेला नाही. परदेशी आदेशाला वजन द्यायचे आणि तरीही मुलाचे हित स्वतः तपासायचे, अशी दुहेरी जबाबदारी इथल्या न्यायालयांवर आहे.

राहिलेले काम

एका छताखाली सर्व, हे १९८४ चे वचन पूर्ण झालेले नाही. कौटुंबिक हिंसाचाराचे अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे चालतात. कौटुंबिक न्यायालयातल्या चालू प्रकरणात तीच दाद मागता येते, एवढी सोय २००५ च्या कायद्याने ठेवली. छळाचा फौजदारी खटला तिसरीकडे. पक्षकारांची फरफट कमी झाली, संपली नाही. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही त्या तालुक्यांतली माणसे आजही सर्वसाधारण न्यायालयाच्या त्याच व्हरांड्यात उभी असतात.

कामाचा भारही मोठा आहे. जुलै २०२२ मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार देशात ७१५ कौटुंबिक न्यायालये होती आणि त्यांच्यासमोर ११ लाखांहून अधिक प्रकरणे प्रलंबित होती. घटस्फोट दोन वर्षे उशिरा मिळाला तर मोठ्या माणसाला त्रास होतो. ताब्याचा निकाल दोन वर्षे लांबला तर तीन वर्षांचे मूल पाच वर्षांचे होते आणि एका पालकाला ओळखेनासे होते. म्हणून ‘डी’ अर्जांना बोर्डावर वेगळा आणि आधीचा क्रम हवा.

विधी आयोगाने मे २०१५ मध्ये २५७ वा अहवाल दिला. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती राहिलेले ए. पी. शहा तेव्हा अध्यक्ष होते. संयुक्त ताब्याला कायद्यात स्थान द्यावे, भेटीची आणि मुलाच्या खर्चाची तत्त्वे लिहून द्यावीत, पालकत्वात वडिलांना असलेला अग्रक्रम काढावा, या त्यातल्या शिफारशी. गजेंद्रगडकरांच्या अहवालातून न्यायालय उभे राहायला पंधरा वर्षे लागली होती. शहांच्या अहवालालाही दहा वर्षे होऊन गेली, आणि १९५६ च्या कायद्यातले ‘नंतर’ अजून तिथेच आहे.

राज्याच्या हातातल्या गोष्टी त्यासाठी थांबायला नकोत. समुपदेशकांची पदे प्रकरणांच्या प्रमाणात वाढवणे, बालसंकुलासारखी जागा प्रत्येक कौटुंबिक न्यायालयात करणे, मुलांशी बोलण्याचे प्रशिक्षण न्यायाधीशांच्या नेमणुकीचा भाग करणे, ही कामे परिपत्रकाने आणि अंदाजपत्रकातल्या तरतुदीने होण्यासारखी आहेत. कायम समुपदेशकांचा निर्णय महाराष्ट्राने इतर राज्यांची वाट न पाहता घेतला होता. या तीन कामांतही पुढाकार महाराष्ट्रानेच घ्यावा, अशी मागणी या स्मरणिकेत नोंदवली जात आहे.